तीन आकड्यांचं विमान

डिसेंबर उजाडला की बडोद्यातल्या प्रत्येक घरात एक तरी माणूस अचानक वायुगतिशास्त्राचा प्राध्यापक होतो. किन्ना कुठे बांधायचा, वरचा दोरा बोटभर आखूड ठेवायचा का, पतंग डावीकडे ओढत असेल तर उजव्या बाजूला कमानीला चिंधी बांधायची की कागद चिकटवायचा, यावर गच्चीवर जेवढी गंभीर चर्चा होते तेवढी आमच्या ऑफिसात डिझाइन रिव्ह्यूलाही होत नाही. गेले दोन महिने या सदरात पासवर्ड आणि फसवे फोन यांच्यावर लिहून मलाच कंटाळा आला होता. म्हणून या वेळी उडणाऱ्या गोष्टीबद्दल. पण पतंगाबद्दल नव्हे, त्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दोरा नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही, आवाज नाही. बंद हॉलमध्ये, पंखे बंद करून, पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारं विमान. हातातून सोडलं की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. जमिनीला टेकेपर्यंत घड्याळ चालू. ज्याचं जास्त वेळ तरंगलं तो जिंकला. जगभर याच्या रीतसर स्पर्धा होतात, विश्वविजेतेपद होतं, आणि एफएआय नावाची जी संस्था लोझानमध्ये बसून विमानं, ग्लायडर, बलून यांचे जागतिक विक्रम नोंदवते, तीच याचेही नियम छापते.

त्यातला सर्वांत वरचा वर्ग एफ-वन-डी. पंखाची लांबी जास्तीत जास्त ५५० मिलिमीटर, रुंदी २०० मिलिमीटर. रबर सोडून वजन कमीत कमी १.४ ग्रॅम. रबर जास्तीत जास्त ०.४ ग्रॅम. आपलं २०११ च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे अर्ध्या मीटरहून मोठं हे अख्खं विमान रबरासकट त्या नाण्याच्या निम्म्यापेक्षाही हलकं. त्यावरचं आवरण इतकं पातळ की प्रकाशात इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. प्रोपेलर मिनिटाला पन्नास-साठ फेरे घेतो, नजरेने मोजता येतात. आणि हे विमान चांगल्या हॉलमध्ये वीस मिनिटांच्या पुढे हवेत राहतं. त्याच्या शेजारून झपाझप चालत गेलात तर तुमच्या चालण्याच्या वाऱ्यानेच ते भरकटतं, त्यामुळे स्पर्धेच्या ठिकाणी सगळे देवळात चालावं तसे चालतात.

हॉलची उंची हा त्यातला मोठा घटक. आठ मीटरपेक्षा बुटकी छतं पहिल्या गटात, आठ ते पंधरा दुसऱ्या, पंधरा ते तीस तिसऱ्या, आणि तीसच्या वर चौथ्या. विक्रम गटवार वेगळे. रुमानियात स्लानिक नावाच्या गावी मिठाची जुनी खाण आहे, जमिनीखाली सुमारे दोनशे मीटर. आतले कक्ष पन्नास मीटरहून उंच आणि वर्षभर तापमान १२ अंशांच्या आसपास. वारा नाही, ऊन नाही, कबुतरं नाहीत. तिथे विश्वविजेतेपद अनेकदा झालं आहे. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा विजापूरचा गोलघुमट आला. त्याचीही आतली उंची पन्नास मीटरच्या आसपास, म्हणजे सरळ चौथा गट! पुरातत्त्व खात्याला अर्ज करायची हिंमत अजून झालेली नाही. आपल्या बडोद्यात आर्ट्स फॅकल्टीचा घुमट आहेच, पण तिथे लेक्चर चालू असताना विमान सोडलं तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

आता नियमांकडे वळतो, कारण मला खरी गोडी त्यांची लागली. पहिल्यांदा वाचताना वाटतं की हे आकडे कुणीतरी कमिटीत बसून ठोकले असतील. तसं नाही. लांबी, किमान वजन आणि कमाल रबर हे तीन आकडे मिळून खेळ ठरवतात, आणि यातला एक सैल सोडला तरी खेळच बदलतो.

रबरापासून सुरुवात करू. चांगला रबर पूर्ण पिळला तर ग्रॅममागे साधारण १० जूल ऊर्जा साठवतो. आपला साधा अल्कलाइन सेल याच्या कितीतरी पट साठवतो, म्हणजे बॅटरी म्हणून रबर अगदीच गरीब आहे. पण त्याला मोटार लागत नाही, वायर लागत नाही. तोच टाकी आणि तोच इंजिन.

आता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही मुलांसाठी जो वर्ग ठरवला आहे तो घ्या: विमान ६ ग्रॅम, रबर १.५ ग्रॅम, एकूण साडेसात. दीड ग्रॅम रबरात १५ जूल. साडेसात ग्रॅम वस्तू वर उचलायला ही ऊर्जा पूर्णपणे वापरता आली तर ती सुमारे २०० मीटर वर जाईल. अर्धी ऊर्जा प्रोपेलरमध्ये, रबराच्या घर्षणात आणि आपण घाबरून न भरलेल्या पिळात जाते असं धरा. उरले १०० मीटर. असं विमान नुसतं तरंगत खाली येताना सेकंदाला अर्धा मीटर उतरतं. १०० भागिले अर्धा, २०० सेकंद. म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद ही आमच्या मुलांची कमाल मर्यादा. या हिशोबात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापलीकडचं काहीही नाही. नववीतलं पोरही करू शकतं, आणि एकाने केलं.

गंमत वजनाची आहे. हवेत टिकून राहायला लागणारी शक्ती वजनाबरोबर सरळ वाढत नाही, थोडी जास्त वेगाने वाढते. वजनाचा दीड घात म्हणतात तो. त्यामुळे साडेसातचे साडेसहा केले, म्हणजे एकच ग्रॅम वाचवला, तर वेळ जवळजवळ सव्वापट होतो. एका ग्रॅमला एवढी किंमत म्हटल्यावर माणूस काय काय करेल? बाल्सा लाकूड निवडून निवडून घेईल, परदेशातून कार्बनचे तंतू मागवेल, आवरण आणखी पातळ करेल. शेवटी ज्याच्या खिशात जास्त पैसे आणि हातात जास्त वर्षं, तोच जिंकेल. किमान वजनाची अट तिथे आडवी येते. तुम्ही चार ग्रॅमचं विमान बनवलंत तरी त्याला दोन ग्रॅम मातीचा गोळा लावून सहा करावं लागतं. मग हलकं बनवण्याची कला वाया गेली का? मुळीच नाही. वाचवलेलं वजन तुम्ही हवं तिथे लावू शकता: पंख जास्त ताठ करा, प्रोपेलर मोठा करा, दांडी वाकणार नाही अशी जाड घ्या. नाहीतर नुसता गोळा लावून समतोल हवा तिथे आणा.

रबराची मर्यादा त्याहून चतुर आहे. समजा रबर कितीही वापरायला परवानगी दिली. तर जास्तीत जास्त वेळ देणारं प्रमाण गणितातून निघतं: विमानाच्या दुप्पट वजनाचा रबर. एफ-वन-डी वर्गात पूर्वी ६५० मिलिमीटरचा पंख होता, किमान वजन एक ग्रॅम, आणि रबरावर बंधन नव्हतं. तेव्हा खेळ बराचसा मोठ्या रबराचा आणि मोठ्या छताचा होता. पुढे पंख ५५० वर आला, रबर ०.६ ग्रॅमवर, आणि २०१५ पासून ०.४ वर, त्याच वेळी किमान वजन १.२ वरून १.४ केलं. इंधन कापलं, बोजा वाढवला. आमच्या क्षेत्रात याला 'रिसोर्स कन्स्ट्रेंट' म्हणतात आणि सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात. इथे लोकांनी तेवढ्याच रबरात पीळ कसा सावकाश उलगडेल, प्रोपेलरची पाती सुरुवातीच्या जोरात आपोआप कशी वळतील, यावर डोकं लावलं आणि वेळ पुन्हा वीस मिनिटांच्या वर नेला.

आमचा हॉल म्हणजे जेमतेम साडेपाच मीटरचं छत, सहा सीलिंग फॅन आणि एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान. मागच्या हिवाळ्यापासून रविवारी सकाळी तिथे आठ-दहा मुलं जमतात, निम्मी मराठी, निम्मी गुजराती, बोलणं दोन्हीचं मिश्रण. पंखे बंद ठेवावे लागतात, म्हणून हा खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. मे महिन्यात पंखे बंद करून कुणी दहा मिनिटं बसून दाखवलं तर त्याला बक्षीस वेगळं.

सामानाबद्दल दोन शब्द, कारण 'हे सगळं बाहेरून मागवावं लागत असेल' असं पालक लगेच म्हणतात. बाल्सा मागवावा लागतो, खरं आहे; तो मुख्यतः इक्वेडोरहून येतो आणि हॉबीच्या दुकानांतून ऑनलाइन मिळतो. रबरही खास पट्टीचा लागतो, भाजीच्या जुडीला लावतात तो दोन पिळांत तुटतो. पण बाकी घरातलंच. आवरणाला सुपरमार्केटमध्ये भाजी भरायला रोलवरून फाडून घेतो ती पातळ पिशवी. दहा मायक्रॉनची असेल तर आमच्या पंखाला अर्धा ग्रॅमसुद्धा लागत नाही. पतंगाचा कागद त्याच्या दुप्पट भरतो. गोंद म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं फेव्हिकॉल, टाचणीच्या टोकाने लावायचं. प्रोपेलरची पाती दह्याच्या किंवा श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या कपातून कापायची, कपाच्या उभ्या रेषेला १५ अंशांचा कोन धरून. कपाची गोलाई पात्याला आपोआप हवा तो पीळ देते. आईने डबा मोजून ठेवला असेल तर आधी विचारा.

बांबूचं मला विशेष कौतुक होतं, कारण पतंगाची कमान आपल्या हाताखालची. पण बांबू बाल्साच्या पाच-सहापट जड. दीड मिलिमीटर जाडीची, ४५ सेंटिमीटरची एक काडी ०.७ ग्रॅम भरते. पंखाला दोन लागतात, म्हणजे सहातले दीड ग्रॅम तिथेच संपले. तासून एक मिलिमीटरवर आणली तर वजन निम्म्याहून खाली येतं, आणि बांबू तरीही तुटत नाही, नुसता वाकतो. आजीने एक सुचवलं ते मला माहीतच नव्हतं: लग्नात बाशिंगाला आणि पूर्वी मखराला वापरायचे ते भेंड. हातात घेतलं तर काही धरल्यासारखं वाटत नाही. जोर सहन करत नाही म्हणून दांडीला निरुपयोगी, पण पंखाच्या टोकांना आणि फासळ्यांना एका मुलाने वापरून पाहिलं आणि चाललं. ज्या लोकांनी जोंधळ्याच्या ताटांची बैलगाडी केली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

जुळवणीतली एक गोष्ट मुलांना फार आवडते. हॉलमध्ये विमानाला सरळ जाता येत नाही, गोल फिरावं लागतं. प्रोपेलर एका बाजूला फिरतो तेव्हा विमान दुसऱ्या बाजूला कलू पाहतं, ते साधारण डावीकडे. म्हणून फेराही डावाच ठेवतात. आणि डावीकडे कलून पडू नये म्हणून डावा पंख उजव्यापेक्षा थोडा लांब करतात, त्याची पुढची कडही किंचित वर उचलतात. समोरून पाहिलं तर विमान वाकडं दिसतं. नवीन आलेलं मूल हमखास सांगतं, 'दादा, हे चुकलंय.' मुद्दाम वाकडं केलेलं आहे हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मग पीळ. रबराला सिलिकॉनचं तेल चोळायचं, एक टोक हुकात, दुसरं हँडड्रिलसारख्या दातेरी वाइंडरला. मूळ लांबीच्या पाचपट ताणायचा, ताणलेल्या अवस्थेत निम्मे पीळ भरायचे, मग हळूहळू जवळ येत उरलेले. जाड रबर घेतला तर जोर जास्त आणि पीळ कमी. विमान सुसाट वर जातं आणि पंख्यात अडकतं. बारीक घेतला तर पीळ भरपूर पण विमान उचलतच नाही. आणि पूर्ण पिळलेल्या रबराचा पहिला झटका बुटक्या छताला परवडत नाही, म्हणून जाणकार लोक आधी पूर्ण भरतात आणि मग पन्नास-शंभर पीळ परत सोडतात. पीळ फारसा कमी होत नाही, जोर मात्र बराच उतरतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसाच हा प्रकार.

आमच्याकडे सहावीतली एक मुलगी आहे. तिचं पहिलं विमान सगळं बांबूचं, ८.३ ग्रॅम, ३१ सेकंद. तिने ते चार वेळा खोलून पुन्हा बांधलं. चौथ्यांदा ६.१ ग्रॅम आणि १ मिनिट १२ सेकंद. मी तिला हिशोब मांडून दाखवला की नुसत्या वजनामुळे ३१ चे ४५ व्हायला हवेत. 'मग वरचे २७ कुठून आले?' तिने विचारलं. मी म्हटलं ते तू सांग. तिने वही काढली. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वजन, किती पीळ, किती सोडले, छताला लागलं की नाही, सेकंद. २७ पैकी बहुतेक तिने पीळ परत सोडायला शिकल्यावर मिळवले होते. अशी वही आमच्या टीममध्ये कुणी ठेवली असती तर माझे किती शनिवार वाचले असते!

या वहीमुळेच आमच्या घरात एक प्रकरण झालं.

माझा भाचा आठवीत आहे. शाळेत 'भारतीय शोध' या विषयावर लिहायचं होतं आणि त्याने लिहिलं की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, आणि आपले सयाजीराव महाराज तिथे हजर होते. ही गोष्ट बडोद्यातल्या मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. मीही ऐकली. महाराजांचं नाव असल्यामुळे ती आपल्याला जास्तच घरची वाटते.

माझे बाबा खूश झाले. म्हणाले, "बरोबर लिहिलंय. आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे मी."

भाच्याने विचारलं, "आजोबा, किती सेकंद उडालं?"

"सेकंद कोण मोजतंय! पंधराशे फूट वर गेलं होतं."

"पण खाली कधी आलं? आणि वजन किती होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे सगळं तुझं शिक्षण."

होतं खरं. पण उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते आजोबा आणि नातू दोघांच्याही समोर. तळपदे हे खरे गृहस्थ, संस्कृतचे जाणकार, विमानविद्येचा ध्यास असलेले. त्याबद्दल वाद नाही. त्या उड्डाणाचा मात्र त्या काळातला, तपासता येईल असा पुरावा आजवर कोणी समोर ठेवलेला नाही. वजन नाही, वेळ नाही, आराखडा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव याच्याशी जोडलं जातं, ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये आकडे घालून तपासलं. निष्कर्ष: पुस्तक प्राचीन नाही, विसाव्या शतकातलं आहे, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. पाचांत एक देशपांडे होते, हे बाबांना मी मुद्दाम सांगितलं.

त्याच्या शेजारी अल्फोन्स पेनो ठेवा. फ्रेंच तरुण, वय २१. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या ट्यूलरी बागेत त्याने लोकांसमोर रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं. सुमारे १६ ग्रॅम वजन, त्यातले ५ रबराचे. ११ सेकंद, १३१ फूट. बस. इतकी क्षुल्लक वाटणारी नोंद, पण आज कोणीही ते विमान पुन्हा बनवून बघू शकतो, आणि ते उडतं. मुख्य पंख पुढे, समतोल राखणारी छोटी शेपटी मागे, ही रचना आमच्या हॉलमधल्या प्रत्येक विमानात आहे. पेनोच्याच कल्पनेवरचं, रबराने फिरणारं एक खेळणं १८७८ मध्ये राइटांच्या वडिलांनी दोन मुलांना आणून दिलं होतं. १९०३ मधलं त्या मुलांचं पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. माणूस घेऊन उडालं हा फरक प्रचंड; पण नोंद ठेवायची पद्धत तीच.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपलं काहीच नाही?"

या प्रश्नासाठी मी तयार होतो. कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे. गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, आणि प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणारा माणूस. घाटगे परत येऊन बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये लागले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. पुढे किरण जेट, ज्यावर आपल्या हवाई दलाच्या पिढ्याच्या पिढ्या शिकल्या. प्रत्येक विमानाचं वजन, वेग, उड्डाणाची नोंद सगळं आहे. आणि महाराजांचं म्हणाल तर त्यांना चौपाटीची गरजच काय? १८९० मध्ये कलाभवन काढलं, जिथे हाताने काम करणं हीच विद्या मानली. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. ही कामं दप्तरात आहेत.

"कोल्हापूरचे?" बाबा म्हणाले. "मग हे नाव आम्हाला कोणी सांगितलं कसं नाही?"

मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. कदाचित घाटग्यांच्या गोष्टीत चमत्कार नाही म्हणून. भाच्याने निबंधातलं तळपद्यांचं पान काढलं नाही. 'असं सांगतात, पण पुरावा मिळालेला नाही' एवढी ओळ घातली आणि पुढे एक पान घाटग्यांवर लिहिलं. बाबा संध्याकाळच्या चहापर्यंत थोडे रुसलेले होते. नंतर त्यांनीच स्टॉपवॉच मागितलं आणि आता रविवारी ते आमचे दुसरे वेळाधिकारी असतात. स्पर्धेत दोन घड्याळं लागतात, आणि दोघांच्या आकड्यात फरक पडला की ते भाच्याचं घड्याळ तपासायला घेतात.

२८ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या गावात सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. हवाई दलाच्या ५६ विमानांपैकी ४० इथे तयार व्हायची आहेत. पूर्ण भरलेलं एक विमान २३ टनांचं. आज सहा ग्रॅमला माती लावणाऱ्या मुलांपैकी एखादं तिथे कामाला जाईल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तिथेही आधी वजनकाटाच विचारतात एवढं नक्की.

या हिवाळ्यात आम्हाला छोटी स्पर्धा घ्यायची आहे आणि नियम जवळजवळ ठरले आहेत. पंख ४५ सेंटिमीटर लांब आणि १० रुंद, याहून मोठा नको. रबराशिवाय किमान ६ ग्रॅम, रबर तेलासकट कमाल १.५. चार उड्डाणं, त्यातल्या उत्तम दोनची बेरीज. एफ-वन-डीत सहातली उत्तम दोन असतात, पण आम्हाला हॉल दुपारी एकपर्यंतच मिळतो. छताला लागलं तर चालेल, पंख्यावर अडकून बसलं तर घड्याळ थांबेल. मोठ्या स्पर्धांत दोरीला बांधलेल्या फुग्याने विमान हलकेच बाजूला सारायची मुभा असते. वाढदिवसाचा हेलियमचा फुगा आणला की आमचंही ते काम होईल. वजनाला मांडवीत सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आहे, आता तो काही शे रुपयांत मिळतो.

एका नियमावर मात्र एकमत होत नाही: विमान कोणी बांधलं? मागच्या फेब्रुवारीत एक विमान आलं, परदेशी किटचं, नियमात चोख बसणारं, १ मिनिट ५० सेकंद. ज्याच्या नावावर होतं त्या मुलाला रबर कुठल्या हुकात घालायचा ते माहीत नव्हतं. वडील शेजारी उभे राहून घामाघूम झाले होते. प्रेमाने केलेलं होतं, त्यांच्यावर राग येत नाही. पण वही ठेवणारी ती मुलगी १ मिनिट १२ सेकंदांवर दुसरी आली आणि घरी जाताना एक शब्द बोलली नाही.

काही पालकांचं म्हणणं, प्रतिज्ञापत्र घ्या. मला त्यात अर्थ वाटत नाही. लहान मुलाला खोटं लिहायला लावायचं आणि मोठ्याने सही करायची, एवढंच होईल. माझा प्रस्ताव असा आहे: उड्डाणांच्या आधी परीक्षक प्रत्येक विमानाच्या पंखाची एक फासळी कापतील. सगळ्यांची, लॉटरी वगैरे नाही. मुलाने समोर बसून वीस मिनिटांत ती नवीन बसवायची, गोंद वाळेपर्यंत थांबायचं, मग वजन करायचं. ज्याने बांधलं आहे त्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. आईवडिलांनी त्या वेळात बाहेर चहा घ्यायचा, चहा मंडळातर्फे.

दोन पालकांनी याला 'क्रूर' म्हटलं आहे. वही ठेवणाऱ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, एक का, दोन कापा. तुमचं मत पुढच्या रविवारच्या आत कळवा, म्हणजे नियमांचा कागद छापायला देता येईल. आणि ज्यांना यायचं आहे त्यांनी सकाळी साडेआठला या, पंखे त्याच वेळी बंद होतात. येताना श्रीखंडाचा रिकामा डबा आणा.